भरल्या पोटाची भूक

2016 साली पुण्यातल्या एका मुलाची बातमी देशाबाहेरच्या वर्तमानपत्रांनीही छापली. वय दीड वर्ष आणि वजन वीस किलोंच्या पुढे. या वयाच्या मुलग्याचं वजन साधारण 11 किलो असतं. वीस किलो भरतो तो पहिलीत जाणारा मुलगा. अशी बातमी वाचली की आपण मनातल्या मनात निकाल देऊन मोकळे होतो. घरच्यांनी नको तेवढे लाड केले असणार, रडलं की बिस्किटाचा पुडा हातात दिला असणार. डॉक्टरांचं निदान निराळं होतं. लेप्टिन नावाचं संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, बनवण्यासाठी जे जनुक लागतं त्यातच त्या मुलाला जन्मतः दोष होता.

हा आजार इतका दुर्मीळ आहे की बहुतेक बालरोगतज्ज्ञांना साऱ्या कारकिर्दीत त्याचा एकही रुग्ण भेटत नाही. तरीही तो समजून घेण्याजोगा आहे. भूक कुठून लागते, पोट भरल्याचं मेंदूला कोण कळवतं, वजन उतरवायला घेतलं की शरीर आडवं का येतं, या रोजच्या प्रश्नांवर सगळ्यात स्वच्छ प्रकाश पडला तो याच मोजक्या मुलांमुळे.

एकमेकांना शिवलेले उंदीर

सुरुवात अमेरिकेतली आहे. मेन राज्यातल्या बार हार्बर गावी जॅक्सन लॅबोरेटरी ही संशोधनासाठी उंदीर वाढवणारी संस्था आहे. 1949 मध्ये तिथे काही उंदीर बेसुमार लठ्ठ होताना दिसले. पुरते वाढले की त्यांचं वजन भावंडांच्या तिप्पट भरायचं. ते खातच राहत, हालचाल जेमतेम करत आणि त्यांना पिल्लं होत नसत. 1966 मध्ये त्याच संस्थेत लठ्ठ उंदरांचा दुसरा वाण सापडला. यांना लठ्ठपणाच्या जोडीला मधुमेहही होता. प्रत्येक वाणात बिघाड एकेकाच जनुकाचा, पण दोघांची जनुकं वेगवेगळी.

तिथले शास्त्रज्ञ डग्लस कोलमन यांनी एक विलक्षण प्रयोग केला. दोन उंदरांच्या कुशी एकमेकींना शिवून टाकल्या. जखम भरताना बारीक रक्तवाहिन्या एकमेकींत शिरतात आणि एकाच्या रक्तातलं थोडंथोडं दुसऱ्याच्या रक्तात जाऊ लागतं. मधुमेही वाणाचा लठ्ठ उंदीर असाच एका निरोगी उंदराला जोडला. लठ्ठ उंदीर पूर्वीसारखाच खात राहिला. निरोगी उंदराने मात्र समोर अन्न असताना त्याला तोंड लावणं सोडलं आणि तो उपासमारीने मेला. मग पहिल्या वाणाचा लठ्ठ उंदीर मधुमेही उंदराला जोडला. तोही खाणं टाकून मेला. पहिल्या वाणाचा उंदीर निरोगी उंदराला जोडला तेव्हा मात्र त्याचं खाणं ताळ्यावर आलं आणि वजन घटू लागलं.

कोलमन यांनी काढलेला निष्कर्ष असा: रक्तात 'आता पुरे' असं सांगणारा एखादा पदार्थ असला पाहिजे. पहिल्या वाणाला तो बनवता येत नाही, पण मिळाला तर त्याचं ऐकता येतं. दुसरा वाण तो भरपूर बनवतो, पण त्याला तो ऐकूच येत नाही. म्हणूनच त्याच्या शेजारी जोडलेला प्रत्येक जण त्या आज्ञेखाली दबून उपाशी मरतो. लठ्ठपणा हा खादाडपणाच्या सवयीचा परिणाम मानला जाण्याचा तो काळ होता, त्यामुळे हे अनेकांना पटलं नाही. तो पदार्थ हाती लागायला 1994 साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने पहिल्या वाणातलं बिघडलेलं जनुक शोधून काढलं. ते ज्या प्रथिनाची कृती सांगत होतं त्याला लेप्टिन हे नाव मिळालं. आणि ते तयार होत होतं चरबीच्या पेशींत. तोवर चरबी म्हणजे शरीराची निव्वळ साठवणूक अशी समजूत होती. ती तर मेंदूला निरोप धाडणारी ग्रंथी निघाली.

गच्चीवरची टाकी

शरीरात चरबी जितकी जास्त, तितकं रक्तात लेप्टिन जास्त. चरबी घटली की लेप्टिन घटतं. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग त्यावरून साठ्याचा अंदाज घेतो. आपल्या सोसायटीतला वॉचमन गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे हे दर वेळी वर चढून पाहत नाही; तो खाली लावलेल्या दिव्यावर विसंबतो. वरून येणारी वायरच तुटली तर टाकी काठोकाठ भरली तरी खाली 'रिकामी' असंच दिसणार आणि पंप चालूच राहणार. पाणी जिन्यावरून वाहू लागलं तरी वॉचमनने त्याचं काम चोखच केलेलं असतं. लेप्टिन नसलेल्या मुलाच्या मेंदूची गत हीच आहे. अंगावर चरबीचे थर चढलेले असतात आणि मेंदूला कळत असतं ते एवढंच की साठा संपला, दुष्काळ पडलाय.

हायपोथॅलॅमसमध्ये हा निरोप घेणाऱ्या चेतापेशींचे दोन गट शेजारीशेजारी असतात. एक गट पीओएमसी नावाचं मोठं प्रथिन बनवतो. त्याचे तुकडे होऊन जो लहान तुकडा तयार होतो तो पुढच्या पेशींवरच्या एमसी4आर या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन चिकटतो, आणि तृप्ती वाटते. दुसरा गट याच्या उलट. त्याचा एजीआरपी हा पदार्थ तोच ग्राहक अडवून धरतो आणि भूक पेटते. लेप्टिन पहिल्या गटाला चालना देतं आणि दुसऱ्याला गप्प करतं. ते नसेल तर दुसऱ्या गटाला आवरणारं कुणी उरत नाही.

घासागणिक भुकेवर लक्ष ठेवणारी संप्रेरकं वेगळी आहेत. जठरातून येणारं घ्रेलिन 1999 मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं. जेवणाची वेळ झाली की ते रक्तात चढतं आणि जेवल्यावर उतरतं. आतड्यातून येणारी जीएलपी-1 आणि सीसीके ही संप्रेरकं ताटावरून उठायची वेळ झाल्याचं कळवतात. ही मंडळी एका जेवणाचा हिशेब पाहतात, लेप्टिन महिन्यांचा. आणि महिन्यांचा हिशेब चुकला की जेवणाचा हिशेब कुणी जुमानत नाही.

एक अक्षर गळालं

माणसांतला पहिला पुरावा 1997 मध्ये केंब्रिजहून आला. स्टीफन ओ'राहिली, सदाफ फारूकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातल्या, नात्यातल्याच दोन मुलांची माहिती प्रसिद्ध केली. आठ वर्षांच्या मुलीचं वजन 86 किलो होतं, दोन वर्षांच्या मुलाचं 29. दोघांच्याही लेप्टिनच्या जनुकातलं एकच अक्षर गळालेलं होतं. एक अक्षर गळालं की पुढचं सगळं वाचन सरकतं आणि प्रथिन अर्धवट तयार होतं. एवढी चरबी अंगावर असूनही त्यांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ शून्य होतं.

अशी मुलं जन्मतात तेव्हा इतर बाळांसारखीच दिसतात, वजनही तेवढंच. पहिल्या काही महिन्यांतच भूक सुरू होते आणि ती थांबतच नाही. दूध संपलं की आकांत. जरा मोठं झालं की मूल कचऱ्याच्या डब्यातलं काढून खातं, फ्रीझरमधलं गोठलेलं तसंच चावतं, दुसऱ्याच्या ताटावर झडप घालतं. आपल्याकडे सुरुवातीचे महिने कुणाला शंकाही येत नाही. बाळाने बाळसं धरलं म्हणून घरचे सुखावतात, आजी दृष्ट काढते, सुदृढ बालक स्पर्धेत नाव घालायची गोष्ट निघते. काळजी सुरू होते ती मूल उचलून घेणं जड जाऊ लागल्यावर.

केंब्रिजच्या मुलीला वयाच्या नवव्या वर्षी रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू झालं. तेव्हा तिचं वजन 94 किलो होतं. बारा महिन्यांत ते 16 किलोंनी उतरलं आणि उतरली ती जवळपास सगळी चरबीच. दुसऱ्या एका मुलाचं वजन तिसऱ्या वर्षी 42 किलो होतं; उपचार मिळाल्यावर सातव्या वर्षी ते 32 किलो झालं. वय चार वर्षांनी वाढलं आणि वजन दहा किलोंनी घटलं.

खरा चमत्कार दिसला तो ताटात. उपचाराआधी यांतल्या एका लहान मुलापुढे हवं तेवढं खाऊ दिलं, तर एका बैठकीत त्याने सुमारे 1,100 कॅलरी पोटात घातल्या. मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या गरजेच्या निम्म्या. इंजेक्शन सुरू झाल्यावर लवकरच, तशाच जेवणाला त्याने 180 कॅलरी खाल्ल्या आणि बाजूला झाला. मधल्या काळात त्याला ना कुणी शिस्त लावली होती ना समज दिली होती. 2007 मध्ये याच संशोधकांनी अशा दोन किशोरवयीन मुलांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. लेप्टिन मिळण्याआधी जेवणाचे फोटो दाखवले की मेंदूतलं हव्यासाचं केंद्र पोट भरलेलं असतानाही पेटून उठायचं. सात दिवसांच्या उपचारानंतर ते पोट रिकामं असतानाच पेटू लागलं, तुमच्याआमच्यासारखं.

दुष्काळाची तयारी

चयापचयाचं काय? इथे उंदीर आणि माणूस यांच्यात फरक आहे. लेप्टिन नसलेले उंदीर ऊर्जाही कमी खर्च करतात, त्यांचं अंग गार राहतं. मुलांमध्ये मात्र विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाखर्च त्यांच्या आकारमानाच्या मानाने साधारण अपेक्षेइतकाच निघाला. वजन वाढतं ते मुख्यतः खाण्यामुळे. त्यातून पुढे रक्तातलं इन्सुलिन चढतं, यकृतात चरबी साठते.

पण लेप्टिनचं काम भुकेपाशी संपत नाही. या मुलांना जंतुसंसर्ग वारंवार होतो, कारण प्रतिकारशक्तीच्या काही पेशींनाही लेप्टिन लागतं. आणि उपचार मिळाले नाहीत तर बहुतेकांना वयात येता येत नाही. शरीराची यात एक रोखठोक समजूत आहे: साठा नसेल तर वाढ, पाळी, गर्भधारणा हे सगळे खर्च थांबवायचे. तुर्कस्तानातल्या एका कुटुंबातल्या तीन प्रौढांवर उपचार झाले, त्याचे निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. दीड वर्षात त्यांचा सरासरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 51 वरून 27 वर आला. त्यांतला पुरुष 27 वर्षांचा होता आणि तो उपचारानंतर वयात आला.

म्हणजे लेप्टिन हा जाडीला लगाम घालणारा पदार्थ म्हणून प्रसिद्ध झाला तरी त्याची मूळ नेमणूक उपासमारीवर लक्ष ठेवायला झालेली आहे. कडक डाएट करून झपाट्याने वजन उतरवणाऱ्याला हाच पदार्थ भोवतो. लेप्टिन एकदम पडतं, मेंदू दुष्काळ जाहीर करतो, भूक वाढते आणि ऊर्जेचा खर्च आखडता होतो. उतरलेलं वजन परत चढतं त्यामागे जिभेइतकाच हा जुना पहारेकरीही असतो.

नात्यातली लग्नं

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. लेप्टिनची एक प्रत बिघडली तरी दुसरी काम भागवते. आईवडील दोघेही एकेक बिघडलेली प्रत वागवत असतील, तर दर गरोदरपणी चारात एक अशी शक्यता असते की बाळाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्याच याव्यात. अनोळखी जोडप्यात हा योग क्वचित येतो. रक्ताच्या नात्यात तो वाढतो, कारण एकाच आजोबांकडून आलेली तीच प्रत दोघांकडे असू शकते. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, म्हणून ही गोष्ट आपल्याला दूरची नाही. पाकिस्तानात, जिथे नात्यातली लग्नं फार होतात, तिथल्या अतिलठ्ठ मुलांच्या 2015 मधल्या अभ्यासात सुमारे 30 टक्के मुलांचा लठ्ठपणा लेप्टिन, त्याचा ग्राहक किंवा एमसी4आर यांच्या जनुकांतल्या दोषाने झालेला निघाला.

लेप्टिनपासून एमसी4आरपर्यंतच्या या साखळीतलं कुठलंही कडं तुटू शकतं. लेप्टिनचा ग्राहक बिघडला तर मूल कोलमन यांच्या दुसऱ्या वाणासारखं होतं: लेप्टिन भरपूर, पण ऐकू येत नाही. अशांना लेप्टिन टोचून उपयोग नसतो. त्यांच्यासाठी अमेरिकेत 2020 मध्ये सेटमेलानोटाइड या औषधाला मान्यता मिळाली. ते मधलं तुटकं कडं वगळून थेट एमसी4आरला चालना देतं.

प्रेडर-विली सिंड्रोमची तऱ्हा आणखी वेगळी. 1956 मध्ये झुरिकच्या प्रेडर, लाबहार्ट आणि विली या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांत एक मूल असं असतं. वडिलांकडून येणाऱ्या 15 क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक भाग इथे नसतो किंवा मुका असतो. हे बाळ जन्मतः इतकं लुळं असतं की त्याला अंगावर ओढून पिता येत नाही, नळीने दूध घालावं लागतं. पहिलं वर्ष वजन वाढत नाही म्हणून काळजी आणि पुढे काही वर्षांत न शमणारी भूक. लेप्टिन चरबीच्या मानाने ठीक असतं. घ्रेलिन मात्र चढलेलं. स्नायू कमी असल्याने ऊर्जेचा खर्चही कमी, म्हणून इतर मुलांपेक्षा कमी खाऊनही वजन वाढतं. वाढीच्या संप्रेरकाने उंची आणि स्नायू सुधारतात, आणि भारताच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात या उपचारासाठी प्रेडर-विलीची नोंद आहे. प्रेडर-विलीतल्या भुकेवरचं पहिलं औषध अमेरिकेत 2025 मध्ये मान्य झालं.

पुण्याच्या नाळेतलं लेप्टिन

पुण्याचं लेप्टिनशी नातं एका बातमीपुरतं नाही. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. बाळ जन्मलं की त्याच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली कातडीची चिमटी धरून कॅलिपरने तिची जाडी मोजायची. या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपलं बाळ सगळ्याच मापांत लहान होतं, पण पाठीवरच्या त्या चिमटीत फरक सगळ्यांत कमी होता. किलो कमी, चरबी शाबूत. पुणे आणि लंडन इथल्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं तेव्हाही लहानखुऱ्या पुणेरी बाळांचं लेप्टिन लंडनच्या बाळांच्या बरोबरीनेच निघालं आणि इन्सुलिन चढं.

2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी यडकिन यांचा शेजारीशेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय 22.3. यडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. काट्यावर सारखी दिसणारी दोन माणसं आतून किती वेगळी असतात ते त्या फोटोने दाखवलं.

मग सगळ्याच लठ्ठ माणसांना लेप्टिन का देत नाहीत? नेहमीच्या लठ्ठपणात लेप्टिन भरपूर असतं, मेंदू त्याला दाद देत नाही. म्हणून 1999 मध्ये साध्या लठ्ठ माणसांना लेप्टिन टोचून पाहिलं तेव्हा फळ फारसं आलं नाही. भारतात 2025 मध्ये आलेली वजनाची इंजेक्शनं आतड्याच्या संप्रेरकांच्या वाटेने जातात, लेप्टिनच्या नाही.

शंका कधी घ्यावी

शाळकरी वयातला लठ्ठपणा बहुतेक वेळा खाणं, बसून राहणं आणि अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा यांतूनच येतो. अशी मुलं वयाच्या मानाने सहसा उंचही असतात. मूल जाड आणि बुटकं असेल तर थायरॉइडसारख्या संप्रेरकांची किंवा प्रेडर-विलीची आठवण ठेवावी. वजन पहिल्या वर्षातच उभं चढू लागलं, भूक कशानेच भागत नसेल, आईवडील नात्यातले असतील किंवा आधीचं भावंडही असंच असेल, तर रक्तातलं लेप्टिन आणि जनुकांची तपासणी करावी. लेप्टिनचा आकडा भरपूर आला म्हणून निर्धास्त होऊ नये. रचना बिघडल्यामुळे निकामी झालेलं लेप्टिन रक्तात भरपूर असलेलं एक मूल 2015 मध्ये नोंदलं गेलं आहे. मेट्रेलेप्टिन हे औषध, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं लेप्टिन, टोचल्यावर तेही सुधारलं. हे औषध 2016 मध्ये भारतात मिळत नव्हतं, आणि निदान झालं तरी कुटुंबाची खरी लढाई औषध मागवणं आणि परवडणं हीच असते.

घराने करायची गोष्ट त्या मानाने साधी आहे. वजन आणि उंची दर काही महिन्यांनी तक्त्यावर मांडत जावी. पाच वर्षांवरच्या मुलांसाठी भारतीय बालरोग संघटनेने 2015 मध्ये सुधारलेले तक्ते पुण्याच्याच डॉ. वामन खाडिलकर यांच्या पुढाकाराने झाले आणि त्यांत जास्त वजनाची रेघ भारतीय शरीराला धरून, प्रौढांच्या 23 बीएमआयला जुळेल अशी खाली ओढली आहे. त्याहून लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते आहेत. दोन वर्षांच्या आतल्या मुलाची रेघ या तक्त्यांच्या डोक्यावरून निघून जात असेल, तर आईच्या स्वयंपाकाची चौकशी नंतर करावी, मुलाच्या रक्ताची आधी.